बीटलच्या नावाची, मुंबईच्या हातची

१९६८च्या नोव्हेंबरात लंडनच्या बाजारात तीन आठवड्यांच्या अंतराने दोन रेकॉर्डी आल्या. २२ तारखेला आली ती बीटल्सची, कोऱ्या पांढऱ्या वेष्टनातली, दोन तबकड्यांची. तिच्याविषयी आजवर जे छापून आलंय त्याने एखादं कपाट सहज भरेल. तिच्याआधी, १ तारखेला, ‘वंडरवॉल म्युझिक’ नावाची एक एलपी येऊन गेली होती. बीटल्सपैकी एकाने एकट्याच्या नावावर काढलेली ही पहिली एलपी, आणि ‘ॲपल’ या त्यांच्या स्वतःच्या कंपनीचीही पहिलीच. नाव जॉर्ज हॅरिसनचं. पण तीत गाणं म्हणावं असं गाणं एकही नाही, आणि तिचा मोठा भाग लंडनमध्ये झालेलाच नाही. तो झाला मुंबईत, फोर्टात, फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत.

ही एलपी साठच्या दशकातल्या ‘सायकेडेलिक’ संगीताच्या खात्यात टाकतात. हा शब्द तेव्हा एलएसडीच्या नशेशी जोडलेला होता. पण रेकॉर्डवर तो ऐकू यायचा तो स्टुडिओतल्या करामतींतून. टेप उलटी फिरवायची, टेपचा तुकडा कापून त्याची दोन टोकं जोडायची आणि तोच आवाज पुन्हापुन्हा येऊ द्यायचा, एका सुराचा अखंड घोष खाली धरायचा, आणि वर कुठेतरी सतार वाजवायची. या सगळ्यात सतारीचं काम बहुधा तोंडी लावण्याचं असे. रविशंकरांना हा प्रकार मनापासून खटकायचा. मैफिलीला नशापाणी करून येणाऱ्या श्रोत्यांना त्यांनी जाहीरपणे समज दिलेली आहे. ‘वंडरवॉल’ या पंगतीत बसवली जाते खरी, पण ती ऐकायची तर एका वेगळ्या कानाने ऐकावी असं माझं मत आहे. मुंबईच्या साथीदारांनी, म्हणजे शिफ्टवर बोलावल्यावर वाद्य घेऊन येणाऱ्या माणसांनी, एका आठवड्यात काय करून ठेवलं त्याचा तो दस्तऐवज आहे.

हॅरिसन सतारीकडे वळला तो १९६५ साली. त्या वर्षी ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात त्याने ती वाजवली, तीही जेमतेम. पुढच्या वर्षीच्या ‘लव्ह यू टू’साठी त्याला खरा तबलजी हवा होता. लंडनमध्ये आयना अंगडी या मूळच्या कर्नाटकातल्या गृहस्थांनी ‘एशियन म्युझिक सर्कल’ नावाची संस्था चालवली होती, तिच्यामार्फत तबलजी मिळाला. त्याचं नाव अनिल भागवत. ते गाणं ज्या एलपीत आहे त्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर हे नाव छापलेलं आहे, आणि ते वाचून कुठल्याही मराठी माणसाची मान थोडी ताठ होते. १९६७च्या ‘सार्जंट पेपर’मधल्या भारतीय धाटणीच्या गाण्यात दिलरुबा वाजवणाऱ्यांत एक होते अण्णा जोशी. त्यांचं नाव मात्र वेष्टनावर नव्हतं. जोशींसह त्या गाण्यातल्या वादकांची नावं उजेडात यायला सुमारे पन्नास वर्षं गेली. जगातली बहुधा सर्वांत जास्त चिरफाड झालेली ती एलपी. तिच्यातला प्रत्येक खोकला अभ्यासकांनी नोंदवलाय, आणि दिलरुबावाल्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

१९६६च्या सप्टेंबरात हॅरिसन मुंबईला येऊन गेला होता. रविशंकरांकडे सतार शिकायची म्हणून ताजमध्ये टोपणनावाने उतरला, मिशा वाढवल्या; तरी बातमी फुटली, हॉटेलबाहेर गर्दी जमली आणि गुरु-शिष्य काश्मीरला निघून गेले. त्या मुक्कामात रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांनी त्याला हात बसवण्यापासून शिकवलं होतं. सव्वा वर्षाने तो परत आला तेव्हा वादक जमवायला हीच ओळख कामी आली.

परत यायचं कारण एक सिनेमा. जो मॅसोट नावाच्या दिग्दर्शकाचा ‘वंडरवॉल’. गोष्ट एवढीशी: एक विसरभोळा म्हातारा प्राध्यापक, शेजारच्या खोलीत राहणारी एक मॉडेल, मध्ये भिंत, भिंतीला भोक. प्राध्यापक त्या भोकाला डोळा लावतो आणि त्याचं डोकं फिरतं. मॉडेल झाली होती जेन बर्किन. संवाद फार थोडे, त्यामुळे सिनेमाची भिस्त संगीतावर. हॅरिसनला सिनेमाला संगीत द्यायचा अनुभव शून्य होता. मॅसोट म्हणाला, तू जे देशील ते मी घेईन. मग हा पठ्ठ्या हातात स्टॉपवॉच घेऊन सिनेमा बघायला बसला आणि प्रत्येक प्रसंग किती मिनिटं किती सेकंदांचा आहे ते टिपून घेतलं.

पुढचं समजायला हे स्टॉपवॉच ध्यानात ठेवायला हवं. रागसंगीताला घड्याळ सोसत नाही असं आपण मानतो. पण मुंबईत अशी माणसं तेव्हाही होती की ज्यांचा चरितार्थच घड्याळावर चालायचा: नायिका जिना उतरते तेवढ्यात बासरी, ती दार उघडते तिथे सतारीचा झाला, आणि पत्र वाचताना सारंगी, अठरा सेकंद. संतूरवादक शिवकुमार शर्मांनी व्ही. शांतारामांच्या ‘झनक झनक पायल बाजे’च्या पार्श्वसंगीतात संतूर वाजवलं होतं, १९५५ साली, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. ‘गाईड’मधल्या ‘मोसे छल’ला तबला त्यांचाच. अशा माणसाला ‘चार मिनिटं, बागेतला प्रसंग’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

जानेवारी १९६८च्या दुसऱ्या आठवड्यात काम सुरू झालं. स्टुडिओची अवस्था ऐकण्यासारखी आहे. ज्या लंडनमधून हॅरिसन आला होता तिथे बीटल्स चार-चार ट्रॅकच्या यंत्रांवर एकावर एक थर चढवत बसत. इथे होतं एक जुनं, अवजड, एकाच ट्रॅकचं मोनो यंत्र. एचएमव्ही चालवणाऱ्या ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी हॅरिसनसाठी कलकत्त्याहून रेल्वेने दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र आणवलं. (हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले आणि ‘पिंक फ्लॉइड’ची ‘डार्क साइड ऑफ द मून’ तिथे घराघरात पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे सायकेडेलिक संगीताच्या इतिहासात या मल्याळी गृहस्थांची दोनदा हजेरी लागते.)

दोन ट्रॅक म्हणजे काय? चार किंवा आठ ट्रॅक असले की तबला एका पट्टीवर, सतार दुसऱ्या पट्टीवर असं वेगवेगळं नोंदवून ठेवता येतं आणि मागाहून सावकाश ठरवता येतं, कोणाला पुढे आणायचं, कोणाला मागे सारायचं. दोनच असले की ही सोय नाही. कोणाचा आवाज किती हे वाजवतानाच ठरवायचं; माइकपासून कोण किती लांब बसलाय त्यावर बरंचसं अवलंबून. पखवाज जड झाला तर पखवाजवाल्याने दोन हात मागे सरकायचं. आपल्याकडच्या तीन मिनिटांच्या रेकॉर्डी वर्षानुवर्षं अशाच झाल्या होत्या, वादकांना त्याचं काही अप्रूप नव्हतं. हॅरिसनला मात्र त्यातच गंमत वाटली. जागच्या जागी मिश्रण करून टाकायचं, नंतर कुरतडत बसायचं नाही.

खोली धड ध्वनिरोधक नव्हती. खाली कचेऱ्या, त्याखाली रस्ता. टॅक्सी गेली की टेपवर आली. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावर चपला-बुटांचा जो लोंढा उतरे, तो संपेपर्यंत ध्वनिमुद्रण थांबवावं लागे. हॅरिसननेच पुढे सांगितलं होतं की नीट कान दिला तर काही तुकड्यांत खालची वाहतूक ऐकू येते. फोर्टातल्या कारकुनांच्या घरी जायच्या वेळेने एका बीटलचं वेळापत्रक ठरलं, ही गोष्ट मला त्या एलपीवरच्या कुठल्याही समीक्षेपेक्षा जास्त आवडते.

आता माणसं. सरोदवर आशिष खाँ, म्हणजे अली अकबरांचे चिरंजीव. तबला आणि पखवाज महापुरुष मिश्र. सतारीवर शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य. सूरबहार चंद्रशेखर नारिंगरेकर. संतूर अर्थात शिवकुमार शर्मांचं. बासरी एस. आर. केंकरे. तारशहनाई विनायक व्होरा. सनईवर शरदकुमार आणि हनुमान जादेव (रोमन लिपीतून आलेले हे ‘जादेव’ मूळचे जाधव असावेत, असा आपला माझा तर्क). हार्मोनियम, ढोलक आणि तबलातरंग रिजराम देसाड. कोणी बनारसचा, कोणी बंगालचा, कोणी गुजरातचा. नारिंगरेकर आणि केंकरे ही नावं कोकणाकडे बोट दाखवणारी. मुंबईतल्या कुठल्याही स्टुडिओत कुठल्याही सकाळी दिसावं असं हे संमेलन.

यातली तारशहनाई जरा जवळून बघू. इसराज हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, आवाज नाजूक, मागच्या रांगेत पोचता पोचता विरणारा. कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की ग्रामोफोनला जसा पडदा आणि कर्णा असतो तसा इसराजाच्या घोडीला जोडावा. तारेचं कंपन घोडीवरून पडद्यात जातं, पडद्यातून कर्ण्यात, आणि बाहेर येतो तो आवाज तंतुवाद्याचा राहतच नाही. थोडा सनईसारखा, थोडा नाकातल्या रडण्यासारखा. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त लेक दुर्गा गेल्यावरचा सर्वजयेचा आक्रोश आपल्याला ऐकवत नाहीत, त्या जागी तारशहनाई किंचाळते, ती दक्षिणामोहन टागोरांची. ‘वंडरवॉल’वर विनायक व्होरांचा ‘क्राइंग’ नावाचा तुकडा आहे, सव्वा मिनिटाचा. नावाप्रमाणेच रडणं. लंडनच्या पोरांना हा आवाज काढायला टेप उलटी फिरवून, यंत्रातून गाळून, चार दिवस घालवावे लागले असते. व्होरांनी गज ओढला आणि झालं. अद्भुत, भ्रमिष्ट, या जगातला न वाटणारा आवाज म्हणून जे पाश्चात्त्य श्रोते ऐकत होते ते आपल्याकडे नभोवाणीच्या वाद्यवृंदातलं रोजचं वाद्य होतं.

‘लव्ह सीन’मध्ये आशिष खाँ स्वतःशीच जुगलबंदी करतात. आधी एक सरोद मुद्रित करून घेतला, मग तो ऐकत त्याच्यावर दुसरा वाजवला. सवाल त्यांचा, जबाबही त्यांचाच. ‘इन द पार्क’मध्ये नारिंगरेकरांचा सूरबहार खालून, अगदी सावकाश येतो, वर संतूर शिंपडल्यासारखं पडतं, आणि मध्ये देसाडांचा तबलातरंग: वेगवेगळ्या सुरांत मिळवलेले तबले अर्धवर्तुळात मांडून त्यांच्यावर धून वाजवायची, असं ते वाद्य. ‘गत किरवानी’ हा सरोद-सतारीचा द्रुत तुकडा इतका तयारीचा आहे की तो सव्वा मिनिटात कापला जातो तेव्हा राग येतो. रागाला बढत हवी, इथे बढत सुरू होते आणि प्रसंग संपतो. हा या एलपीचा दोष आहेच. स्टॉपवॉचला तिहाई कळत नाही.

नावांचा मुद्दा मला टोचतो त्याला कारण आमचा मुलूख आहे. आमच्या पारगावहून नारायणगाव लांब नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. पारगावातून, आसपासच्या वाड्यावस्त्यांतून माणसं जातात. फलकावर फडमालकाचं नाव, फार तर नाचणारणींची, सोंगाड्याचं. १९६८च्या त्या जानेवारीत इकडे हंगाम चालू असणार, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा फड कुठल्या ना कुठल्या यात्रेत कनात ठोकून असणार. विठाबाईंना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, नारायणगावात त्यांचं नाव आदराने घेतात. पण त्यांच्यामागे हलगी कोणाची, तुणतुणं कोणाचं, ढोलकीची ती जीवघेणी थाप कोणाची, हे फडातल्या माणसांखेरीज कोण सांगेल? हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डीवरही तेव्हा गायक, संगीतकार, गीतकार एवढीच नावं. पन्नास-साठ वादकांचा ताफा निनावी. त्या हिशेबाने ‘वंडरवॉल’च्या वेष्टनावर मुंबईच्या वादकांची नावं वाद्यांसकट छापली जाणं ही त्या काळातली दुर्मीळ गोष्ट. गंमत अशी की लंडनच्या बाजूला उलटा कारभार होता. तिथे एका तुकड्यात गिटार वाजवली एरिक क्लॅप्टनने, ड्रम वाजवले रिंगो स्टारने, आणि दोघेही टोपणनावांआड. ज्यांना जग ओळखत होतं त्यांनी तोंड लपवलं आणि ज्यांना कोणी ओळखत नव्हतं त्यांची नावं छापून आली.

लंडनचा भाग हॅरिसनने ‘रेमो फोर’ या लिव्हरपूलच्या बँडकडून आणि जॉन बारहॅम या पियानोवादकाच्या मदतीने करून घेतला. त्याविषयी फार लिहिण्यासारखं नाही. ‘काउबॉय म्युझिक’ नावाचा तुकडा तर नावाइतकाच उथळ आहे. क्लॅप्टनचा ‘स्कीइंग’ कानात राहतो. पण ‘ड्रीम सीन’वर थांबायला हवं. साडेपाच मिनिटांच्या या तुकड्यात मुंबईची आणि लंडनची टेप एकमेकांत विणलेली आहे. आधी संतुराच्या तारांवरून एक पुरुष आणि एक स्त्री आपापल्या कोपऱ्यांतून गातात, आवाज उजवीकडून डावीकडे फिरतात, मग सगळं उलटं वाहू लागतं, कुठूनतरी टॉमी रायलीचं माउथऑर्गन, भोंगे, घंटा. पांढऱ्या एलपीवर जॉन लेननचं ‘रिव्हॉल्यूशन ९’ नावाचं टेपचं कडबोळं आहे. त्याला धाडसी म्हणून नावाजणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं की हॅरिसनचं काम त्याच्या काही महिने आधीच उरकलं होतं. आणि माझ्या कानाला तरी ते अधिक सुरेल आहे.

मग ती विसरली का गेली? सिनेमा मे १९६८मध्ये कानच्या महोत्सवात दाखवला गेला आणि पुढे जवळपास बुडाला. लंडनच्या थिएटरात तो १९६९ उजाडल्यावर लागला, म्हणजे संगीत आधी आणि चित्रं नंतर. अमेरिकेत एलपी बिलबोर्डच्या यादीत ४९व्या क्रमांकापर्यंत चढली, ब्रिटनच्या यादीत आलीच नाही. बीटल्सच्या चाहत्यांना हॅरिसनचा गळा हवा होता, तो मिळाला नाही. शास्त्रीयवाल्यांना एका मिनिटाच्या रागात रस नव्हता. आणि तीन आठवड्यांनी ती पांढरी एलपी आली, तिने उरलंसुरलं लक्ष ओढून नेलं. आज ‘वंडरवॉल’ शोधलं तर ‘ओॲसिस’ या बँडचं १९९५चं गाणं समोर येतं. त्यांनी नाव या एलपीवरूनच उचललं, आणि तेही पळवून नेलं म्हणायचं.

याच्याशेजारी दुसरी एक एलपी ठेवून बघण्यासारखी आहे: ‘कॉल ऑफ द व्हॅली’. काळ जवळपास तोच, १९६७च्या आसपासचा. कंपनी त्या स्टुडिओचीच, एचएमव्ही. संतूर पुन्हा शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, गिटार ब्रिजभूषण काबरा, तबला आपले माणिकराव पोपटकर. निर्मिती जी. एन. जोशींची. तेच जोशी, ज्यांच्या ‘रानारानांत गेली बाई शीळ’पासून मराठी भावगीताच्या रेकॉर्डची गोष्ट सुरू करतात आणि ज्यांनी पुढे एचएमव्हीत बसून कित्येक गवयांना माइकपुढे आणलं. तीही प्रसंगांची माळ आहे: काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, त्या त्या वेळेचे राग घेऊन. पण जोशींनी रागांना श्वास घ्यायला जागा ठेवली. ती एलपी घरोघर गेली, परदेशातही खपली, आजही विकली जाते. मुंबईच्या साथीदारांना स्वतःचा दिग्दर्शक मिळाला की काय होतं ते ती दाखवते. ‘वंडरवॉल’ दाखवते की दिग्दर्शक नवखा असला तरी हीच माणसं किती सांभाळून नेतात.

हॅरिसनही हे सांभाळून नेणं ओळखून होता. सिनेमाचं काम आटोपत आलं तेव्हा १२ जानेवारीला त्याने याच वादकांकडून स्वतःसाठी आणखी एक चाल वाजवून घेतली. सरोद आशिष खाँ, पखवाज महापुरुष मिश्र, बासरी हरिप्रसाद, सनई, हार्मोनियम रिजराम देसाड. शब्दांची कथा वेगळीच. केंब्रिजमध्ये संस्कृत शिकवणारे हुआन मास्कारो नावाचे विद्वान होते, गीता आणि उपनिषदं त्यांनी इंग्रजीत आणलेली. त्यांनी हॅरिसनला पत्र लिहून सुचवलं होतं की चिनी ‘ताओ ते चिंग’मधल्या अमुक वचनाला चाल लाव. लंडनला परतल्यावर फेब्रुवारीत ते शब्द या वाद्यमेळावर गायचे ठरले. गाता येईल की नाही अशी हॅरिसनला धास्ती वाटत होती, बाकीच्यांनी धीर दिला. लेनन आणि मॅकार्टनी यांनी शेवटी मागून आवाज मिळवला, वाद्य एकाही बीटलने हातात धरलं नाही. ‘द इनर लाइट’ या नावाने ते १५ मार्च १९६८ला ‘लेडी मॅडोना’च्या पाठीमागे, तबकडीच्या दुसऱ्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनचं गाणं यायची ही पहिलीच वेळ. लाखो घरांत ती तबकडी गेली, आणि तिच्या वेष्टनावर मुंबईच्या पाचांपैकी एकाचंही नाव नव्हतं.